पताकांचा फोटो

या एप्रिलात जयंतीचे फोटो काढून काढून खांदा पार गेलाय. आज घरी येताना गल्लीत मैद्याच्या खळीचा वास आला. मुली सुतळीला निळ्या पताका चिकटवत होत्या. मी तिथंच थांबलो.

आमच्या हुबळीच्या घरी हे काम अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. पतंगाचा कागद खळीनं ओला झाला की रंग सोडतो, त्यामुळं आठवडाभर तिची बोटं निळी असायची. एका वर्षी मी पहिल्यांदाच कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. रोलमध्ये शेवटचा एकच फोटो उरला होता. भर उन्हात पताकांपुढं उभी राहून अक्का म्हणाली, "माझा एक काढ की रे."

"अक्का, बाजूला हो. मागच्या पताका झाकल्या जातात."

निळी बोटं ओढणीला पुसत ती हसत बाजूला झाली.

अक्का जाऊन महिना झाला. भाची रोज फोन करते, "मामा, आईचा तरुणपणीचा एखादा तरी फोटो शोध की."

सगळी कपाटं उपसून झाली. तेवढा एकच फोटो सापडला. पताका अगदी स्वच्छ आल्यात.