मानमोडीच्या ठशातली चार अक्षरं

मी मुळात संशयी बाई. लहानपणी जुन्नरला कुणा बाईच्या अंगात आलं की सगळे हात जोडायचे आणि मी हळूच तिच्या पायाला चिमटा काढून बघायची… त्यामुळे असलं काही माझ्याच वाट्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं. घडलं ते सांगते.

१९५६ साल. लंडनला मुलींच्या होस्टेलमध्ये राहून मी जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर प्रबंध लिहीत होते. नाताळच्या सुट्टीत दोन जुने सोबती भेटायला आले — हॉलंडहून माधव आणि मँचेस्टरहून याकूब. माधव माझ्यासारखाच लिपीवाला. याकूब जुन्नरच्या कागदी, म्हणजे हाताने कागद बनवणाऱ्या घराण्यातला, माझ्या शाळेतला. तिकडे कागदाचं तंत्र शिकायला गेलेला. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मानमोडीच्या डोंगरातल्या एका लेखाचे ठसे घेतले होते. ओला कागद ब्रशने ठोकून दगडावर बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं खोलगट, म्हणून ती पांढरी राहतात. कागद याकूबच्या वडिलांनी केलेला, बोळाही याकूबनेच फिरवलेला.

त्या लेखात दान देणाऱ्याचं नावच नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला दगडाचा टवका उडालेला, नुसता खळगा. एका ठशावर माझं काम चाललं होतं. दुसरा, जादाचा, पत्र्याच्या नळीत तसाच पडून होता. पुरुषांना खोलीवर यायची बंदी, म्हणून खालच्या हॉलमध्ये, दुपारच्या चहाच्या टेबलावर, सहज गंमत म्हणून तो पसरला… आणि तिघेही त्यावर वाकलो. खळग्याच्या जागी चार अक्षरं होती. स्वच्छ ब्राह्मी. एका बाईचं नाव.

"हे कुणीतरी अक्षरांपुरती जागा कोरी ठेवून शाईने काढलंय," माधव म्हणाला.

मी सरळ याकूबकडे वळले. खोटं नाव प्रबंधात गेलं असतं तर माझी सगळी वर्षं पाण्यात.

"याकूब, खरं सांग. तू केलंस हे?"

"मला ब्राह्मी कुठं येती गं?"

"आम्ही वाचत होतो तेव्हा शेजारीच तर व्हतास तू."

जुन्नरचा 'व्हतास' तोंडातून गेला, म्हणजे मी किती चिडले होते बघा. त्याने कप खाली ठेवला, कोट घातला आणि निघून गेला. ते नाव मी प्रबंधात घेतलं नाही. त्याचं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही.

५८च्या हिवाळ्यात परतल्यावर पुन्हा मानमोडीवर गेले. सोबत पायथ्याच्या वस्तीवरचे सावळारामभाऊ. लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे, गाळाने भरलेलं. हात-पाय धुवायला तरी पाणी लागेल म्हणून त्यांनी गाळ उपसायला घेतला, तर कमरेइतक्या खोलीवर एक चपटा दगड लागला, पालथा. उलटून धुतला. तीच चार अक्षरं. दोघांनी उचलून खळग्याला लावून पाहिला, तर चपखल बसला.

"भाऊ, हा गाळ याआधी कधी काढला होता?"

"आमच्या आज्यानं बी काढल्याचं ऐकलं न्हाई, बाई. लई जुना गाळ हाय ह्यो."

म्हणजे दगड आमच्या जन्माआधीच पडलेला. मग रिकाम्या खळग्यावर ठोकलेल्या कागदावर ती अक्षरं उठली कशी? तो ठसा मी भिंगाखाली धरला. अक्षरं शाईने काढलेली नव्हतीच, ठोकून उठलेली होती — कागदाला मागून फुगवटा होता. हे मला त्या दुपारीच बघता आलं असतं. फार लाज वाटली.

याकूबला सगळं लिहिलं, माफी मागितली. महिन्याने उत्तर आलं: "कुसुम, अक्षरं कुठून आली ते मला ठाऊक नाही, आणि त्याचं मला फारसं नवलही नाही. शाळेपासून ओळखत असून तू मला ते विचारलंस कसं, याचं मात्र आहे."

अक्षरांबद्दल कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.