उन्हाळीची गोळी

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही — तिथे उभी राहिले की भलतंच काहीतरी मागते आणि परत येते. आज तुम्हाला सांगतेय. कुठून सुरुवात करू?

किन्हवलीत आमचं मेडिकल आहे. फार्मसी मी शिकले, लायसन्स माझ्या नावावर. गावातल्या बायका डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात, आणि खरं सांगू — मला ते आवडायचं. डॉक्टर पुरुष, लघवीला आग होतेय हे त्याला कसं सांगणार? लावणीत दिवसभर चिखलात वाकायचं, आडोसा कुठे नसतो, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मग उन्हाळी लागते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर तो शब्दसुद्धा काढायचा नाही, पदराआडून ओटीपोटाकडे बोट दाखवायचं. तेवढ्यावर मी कात्री घ्यायची आणि पाकिटातून तीन-चार कॅप्सूल कापून द्यायच्या. पूर्ण कोर्स कोणी घेत नव्हतं. आग थांबली की बायकांचं काम झालं, आणि माझंही. अर्धवट अँटिबायोटिकनं जंतू मरत नाहीत, उलट सरावतात — हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

ती परीक्षा मी लग्नानंतर दिली. अभ्यासाच्या त्या दिवसांत माझ्या वाटणीच्या भाकऱ्या माझ्या मोठ्या जावेनं थापल्या. मी तिला ताई म्हणायचे. सासूबाई कुरकुरल्या की ती म्हणायची, "शिकू दे तिला, मी हाय ना."

ताईलाही उन्हाळी लागायची. त्या वर्षी तर वरचेवर. "मंदा, दे गो ती गोळी," म्हणायची, आणि मी कापून द्यायचे. पुन्हा का होतंय, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायला काय लागत होतं?

श्रावणात तिला थंडी वाजून ताप भरला, कंबर धरली. आम्ही तिला शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्यात काही अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यात का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला गोळीचं नाव ठाऊक नव्हतं. कापलेल्या तुकड्यावर नाव पुरतं येतही नाही. ते एकट्या मला ठाऊक होतं. शेजारी दीर उभे होते. चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या, लायसन्स, गावातलं नाव — सगळं एकदम डोक्यात आलं.

"नाही, सर," मी म्हटलं. "घरचंच मेडिकल आहे. घेतल्या असत्या तर मला कळलं असतं."

ताईनं मान हलवली. माझं खोटं तिनं आपलं करून टाकलं.

आता यापुढचं — हे जास्त अवघड आहे. त्यांनी सलाईनमधून जे औषध सुरू केलं, ते मी देत होते त्याच जातीचं होतं. बाटलीवरचं नाव मी वाचलं. आमच्या माणसांत ते वाचून कळणारी मी एकटी. मी उठले, डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले — आणि दिरांसाठी चहा घेऊन परत आले. ताप उतरेना. लघवीची नळी घातली. मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिले आणि सगळे म्हणाले, जाऊ असावी तर अशी.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, नेहमीची औषधं त्या जंतूंना लागूच होत नव्हती. औषध बदललं, पण तोवर किडनीवर आलं होतं. ठाण्याला हलवायचं ठरलं. गाडीत घालताना तिनं माझा हात ओढला. तोंड सुकलेलं होतं. म्हणाली, "मी कोणाला नाय बोलले गो."

ती परत आली नाही.

मी खरं बोलले असते तर ती वाचली असती का? माहीत नाही. त्या 'माहीत नाही'च्या आड मी बरेच दिवस राहिले. पण दारापर्यंत जाऊन मी परत फिरले, हे तर मला माहीत आहे ना?

दुकान चालू आहे. आता चिठ्ठीशिवाय मी देत नाही. बायकांना वाटतं, सरकारनं कडक केलं असेल. मी तसंच वाटू देते.

या लावणीनंतर ताईची मुलगी दुकानात आली. गिऱ्हाईक होतं म्हणून बाजूला थांबली, मग पुढे येऊन हळूच म्हणाली, "काकी, आईला द्यायचीस ना, ती गोळी दे. आई बोलायची, काकी हाय म्हणून आपल्याला डॉक्टर लागत नाय."

मी शटर ओढलं आणि तिला घेऊन शहापूरला बाईडॉक्टरकडे निघाले. एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दवाखान्यात त्यांनी तिला तेच विचारलं — आधी काही गोळ्या घेतल्यात का? ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं. मग आई नाही हे कळल्यावर त्यांनी विचारलं, कशानं गेली?

"तापानं," मी म्हटलं.