मथुराबाईच्या घराला दार नाही

तुकईथडला पाहुणा आला की गाव त्याला दोन गोष्टी दाखवतं. एक मारुतीचा पार, दुसरं मथुराबाईचं घर. भिंती धड आहेत, कौलं धड आहेत, उंबरठाही आहे. फक्त उंबरठ्यावर दार नाही. पौषात गावाचे दात वाजत असताना म्हातारी आरपार वाऱ्यात बसून भाकरी थापते. शेजारच्या धुरपदाबाईनं तर जाहीर करून टाकलंय की दार म्हातारीनं चुलीत घातलं. धुरपदाबाईचं निम्मं बोलणं सोडून द्यायचं असतं, पण एवढं खरं आहे. का घातलं, ते कुणी मोठ्यानं सांगत नाही. जो तो दुसऱ्याच्या कानात सांगतो, त्यामुळे सगळ्यांना माहीत आहे.

मथुराबाई बाळंतिणी शेकायची. सुईणीचं काम संपलं की हिचं सुरू. सकाळी बाळंतिणीला तेल लावून रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेवर निजवून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर चिमूटभर ओवा टाकायचा आणि खोली बंद करायची. बंद म्हणजे बंद. खिडकीत चिंध्या, कौलांच्या सांदीत केळीची वाळकी सोपटं, दाराच्या फटीला गोधडी. बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं, हे तिचं सांगणं, आणि ते ऐकायला कुणी नसलं तर ती कोंबड्यांना सांगायची.

जाळाच्या बाबतीत तिच्याइतकी खोडकाढी सासू पंचक्रोशीत नव्हती. कापसाच्या पऱ्हाट्या तिला आवडत नसत. नव्या जावयासारख्या भडकतात आणि भाकर व्हायच्या आत विझतात. गोवरीची धग चांगली, पण तिच्या पोटात धूर फार. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात कुणाकडे रॉकेलचा स्टोव्ह पाहून आली, तर आठ दिवस सांगत सुटली की पितळेच्या डब्यात फुरफुरणारा रेडा कोंडलाय आणि शहरातल्या बाया त्याच्यावर चहा उकळतात. शेकाला मात्र बाभळीचा कोळसा, तोही लोटू कोळसेवाल्याचा. निखारा ती बोटांनीच उचलायची. चिमटा घेणारी बाई माहेरी काही शिकलीच नाही, असं तिचं मत होतं.

एवढं करून ती घ्यायची काय, तर एक नारळ आणि एक खण. लोक म्हणायचे, म्हातारी पुण्य जोडते. म्हातारी पुण्यबिण्य काही जोडत नव्हती. ती लेकीला भेटायला जात होती.

लीला तिची एकुलती एक. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली, पाचव्या दिवशी दुपारी शेकाच्या खोलीत निजली ती उठलीच नाही. कुशीतली पोरही नाही. सटवाईनं नेलं, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मथुराबाई एका बाळंतिणीपाशी बंद खोलीत बसली होती. डोकं जड झालं, कानात जातं फिरल्यासारखी घरघर सुरू झाली, आणि कोपऱ्यात लीला बसलेली दिसली. पाठ करून, ओले केस मोकळे सोडून, आत्ताच न्हाऊन आल्यासारखी. मथुराबाई घाबरली नाही. तिनं हळूच विचारलं, "थंडी वाजते का वं, माय?"

लीला बोलली नाही. ती कधीच बोलली नाही, कधी वळलीही नाही. पण बावीस वर्षं कुणाच्याही घरची शेगडी असो, कोपरा लीलाचा. डोकं जड झालं की म्हातारीला कळायचं, आली.

प्रांत जोडायचे-तोडायचे दिवस आले. तुकईथड मध्य प्रदेशात राहिलं आणि लोटूचं कोळशाचं रान मुंबई राज्यात गेलं. रानातलं एक झाड जागचं हललं नाही, पण नाक्यावर कोळशाच्या पोत्याला परवाना मागू लागले. लोटू येईनासा झाला. नेमकी त्याच पौषात केळीवाल्या सुपडूची पोरगी विमल माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. उरल्यासुरल्या कोळशावर चार दिवस निघाले. पाचव्या सकाळी विमलचा भाऊ दिगंबर, जो बुऱ्हाणपुरात कामाला होता, बसच्या टपावरून एक पोतं उतरवून घेऊन आला.

"आजी, दगडी कोळसा आहे. शहरात आता हाच जाळतात."

मथुराबाईनं एक ढेकूळ नाकाशी नेलं. "तुले कोळसा आन म्हनलं होतं, बाप्पा. तू तर सातपुडा फोडून आनला."

"पेटवून तर पाहा."

"पेटवते. ठिणगी उडून माझी भुवई जळाली, तर तुझी मिशी कापून लावीन तिथं."

दिगंबरची मिशी मोजून दहा केसांची. त्याची आई आशाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मथुरामाय, त्यात एक भुवईही होनार नाही."

शेगडी अंगणात पेटवली. आधी काळाकुट्ट धूर निघाला, मग धूर थांबला आणि दगड आतून लाल झाले. वर निळ्या जिभा नाचत होत्या. ना राख उडते, ना ठिणगी. म्हातारी हरखली. असा गुणी जाळ तिनं जन्मात पाहिला नव्हता. रोजच्यापेक्षा दुप्पट ढेकळं घालून तिनं शेगडी आत नेली, बाजेखाली सरकवली, सगळ्या फटी बुजवल्या आणि दार लावून भिंतीशी बसली.

बाहेर आशाबाई कांडत होती. मुसळाचा आवाज हळूहळू लांब गेला, जसं कुणी तिला उखळासकट शेताकडे नेत असावं.

डोकं जड झालं. रोज अर्धा तास लागायचा, आज ओवा जळायच्या आत झालं. कोपऱ्यात, जात्याशेजारी, लीला बसली होती. केसांतून पाणी गळत होतं, आणि जमीन ओली होत नव्हती.

"आजी," बाजेवरून विमल म्हणाली, "ती कोन बसली वं तिथं?"

बावीस वर्षांत लीला दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती. मथुराबाईला भीती नाही वाटली, राग आला. माझी लेक, हिला काहून दिसावी.

"कोनी नाही. नीज तू."

"केस ओले आहेत तिचे. सर्दी होईन तिले."

एवढं बोलून विमल गप्प झाली. बाळ मघापर्यंत कुरकुरत होतं, तेही गप्प झालं. आणि लीलाची मान हलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती वळत होती. आधी कान दिसला, कानातली बुगडी, मग गालाची कड. मथुराबाई श्वास रोखून पुढे झुकली. आणखी थोडं थांबलं की तोंड दिसणार होतं.

पुढ्यात टपकन काहीतरी पडलं. पाल. आढ्यावरून पडली ती उताणी, पाय आखडून.

बाळंतिणीच्या खोलीत पाल पडलेली चालत नाही. इतकी वर्षांची सवय. मन कोपऱ्यात राहिलं आणि हात आपोआप सुपाकडे गेला. तिनं पाल सुपात ओढली, लटपटत उठली, दार किलकिलं करून अंगणात आली आणि दार मागे लोटून घेतलं. पाल फेकणार तोच उन्हाचा हिसका लागला आणि ती सूप मांडीवर घेऊन पायरीवरच बसली.

गार वारा नाकातून आत गेला. कपाळावरचा दगड जरा उचलला गेला. सुपात पालीचं पोट एकदा फुगलं. पुन्हा फुगलं. मग ती पालथी झाली, म्हातारीच्या बोटावरून सरसर धावत भिंतीच्या भेगेत गेली.

मथुराबाई रिकाम्या सुपाकडे पाहत राहिली. असंच रिकामं सूप तिनं आधी पाहिलं होतं. लीलाच्या वेळी बाजेखाली मेलेली पाल सापडली होती. तीही तिनं सुपात ओढून अंगणात ठेवली होती आणि वळून पाहिलं तर सुपात पाल नव्हती. मांजरानं नेली असेल म्हणून ती परत आत गेली होती. दार लावून. फट गोधडीनं बुजवून.

दार समोरच होतं. त्याच्या आत विमल होती, पाच दिवसांचं पोर होतं. आणि लीला आता पुरती वळली असेल.

आशाबाई सांगते, म्हातारी दारावर हात ठेवून उभी राहिली, आपण चार वेळा मुसळ मारलं तेवढा वेळ. मग तिनं दार लाथेनं उघडलं.

"मथुरामाय, वारा लागन ना पोरीले," आशाबाई धावत आली.

"लागू दे. पाय धर बाजेचे. दिगंबर, तू डोक्याकडून. उचला."

बाज अंगणात आली. विमलचे गाल लालबुंद होते, मान लुळी. मथुराबाईनं बाळाला पालथं धरून पाठीवर चापट मारली, एक, दोन, तीन. चौथ्या चापटीला त्यानं असा काही सूर लावला की धुरपदाबाई हातातली भाकर तव्यावर टाकून पाहायला आली. थोड्या वेळानं विमलला उलटी झाली आणि तिनं पाणी मागितलं.

दिगंबर अंगणाच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा होता. "दुकानदार म्हनला होता, बंद खोलीत जाळू नका. मले वाटलं, धुरापायी म्हनत असन. अन् धूर तर नव्हता."

"बाभळीले तरी कुठं होता," मथुराबाई म्हणाली. लीलाच्या बाजेखाली बाभळीचाच कोळसा होता. दिगंबरला ते कळलं नाही. ती आत गेली. कोपऱ्यात जातं होतं, त्यावर घडी घातलेली कांबळ होती. जमीन कोरडी होती.

त्यानंतर ती शेकायला बसली की दार सताड उघडं ठेवू लागली. निम्म्या गावानं तिला बोलावणं सोडलं. म्हातारीला वेड लागलं, बाळंतिणी गारठवून मारील म्हणाले. तिनं कुणाशी वाद घातला नाही, आणि गावाला खरी भीती त्याची वाटली.

शिवरात्रीच्या आधी एका दुपारी धुरपदाबाई विरजण मागायला गेली, तर मथुराबाईचं दार आतून बंद, फटीतून गोधडीचं टोक डोकावतंय. तिनं हाक मारली. आत म्हातारी कुणाशी तरी बोलत होती, मायेनं, लहान मुलीशी बोलावं तसं. "वळ ना वं. जराशी वळ." धुरपदाबाईच्या हातातली वाटी पडली. त्या आवाजानं आतलं बोलणं थांबलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली आणि मथुराबाई रांगत उंबरठ्याबाहेर आली. मागे शेगडीत निळ्या जिभा नाचत होत्या. सुपडूच्या घरून उरलेले दगड तिनं पदरात आणून ठेवले होते, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"दिसली का?" धुरपदाबाईला एवढंच सुचलं.

"अर्धी," मथुराबाई म्हणाली. "पुरी दिसायले मले तिथंच राहावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिनं दिगंबरला पहार घेऊन बोलावलं. त्यानं सागाचं दार बिजागरीतून काढलं आणि विचारलं, कुठं ठेवू. ती म्हणाली, फोड. महिनाभर त्या दारावर तिचं आंघोळीचं पाणी तापलं. शेवटची फळी विमलच्या पोराच्या आंघोळीला लागली.

आता थंडीत गावात कुणाचीही खोली बंद दिसली की मथुराबाई थांबते, दारावर थाप मारते आणि आतून कुणी ओ देईपर्यंत हलत नाही.