गुडगावच्या रस्त्याखालचे जोड

ऑप्टिकल फायबरची लाइन जमिनीत टाकण्याआधी ती कॉम्प्युटरवर टाकून बघायची, हे माझं काम होतं. एका टोकाला लेझर, मध्ये केसासारखी बारीक काच, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. वाटेत किती प्रकाश वाया जाईल आणि पलीकडे किती पोचेल, हे मॉडेल सांगायचं. खाजगी टेलिफोन कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, गुडगावात शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून रोज चार्टर्ड बसने तिकडे जात होते. नोकरी अजून पक्की नव्हती. पण ऑफिसात डिझाइन करणारी बाई मी एकटीच, आणि त्याचा मला तेव्हाही तोरा होता, आजही आहे.

आमच्या पहिल्या मोठ्या लाइनला साधा, कमी ताकदीचा, स्वस्तातला लेझर पुरेल, असं परदेशातून आणलेल्या प्रोग्रॅमने सांगितलं. साहेब खूश झाले. मला मात्र ते उत्तर काही केल्या पटेना.

केबलला जिथे जोड पडतो तिथे थोडा प्रकाश गळतो. प्रोग्रॅमने लाइन टाकतानाचे जोड तेवढे मोजले होते. एकदा पुरलेली केबल पुढे सुखाने पडून राहते, अशी त्या बिचाऱ्याची समजूत होती. गुडगावात कोण कोणाला सुखाने पडू देतं? आज पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणायचा, बुजवायचा आणि पुढच्या महिन्यात गटारासाठी तोच पुन्हा उकरायचा, हे मी बसच्या खिडकीतून रोज बघत होते. केबल तुटली की मध्ये नवा तुकडा घालतात, म्हणजे एका घावाला दोन जोड.

दोन शनिवार मी वही घेऊन लाइनच्या सगळ्या वाटेने पायी फिरले. रिकामे प्लॉट, बिल्डरांच्या पाट्या, गटार व्हायची राहिलेली गल्ली, सगळं टिपून घेतलं. घरी बाबा म्हणाले, "अगं, परदेशी प्रोग्रॅमपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"गुडगावच्या खड्ड्यांमधलं बिल्कुल जास्त कळतं, बाबा."

मग ते सगळे होऊ घातलेले खड्डे मी मॉडेलमध्ये घातले. साधा लेझर लावला, तर दुसरं वर्ष संपायच्या आत लाइन मुकी होत होती.

साहेबांनी प्रिंटआउट पाहिला आणि हसले. "मैडम, अब मॉडेल में बुलडोज़र भी चलाओगी?"

"सर, सड़क पर तो चल ही रहा है."

"लिखकर दोगी?"

मी लिहून दिलं. जास्त ताकदीचा लेझर हवा. तो अनाठायी ठरला तर जबाबदारी माझी. सही करताना भीती वाटली होती, हे कबूल करते. नोकरी गेली असती तर बाबांना काय तोंड दाखवणार होते? साहेबांनी कुरकुरत मोठा लेझर मागवला आणि पुढे कितीतरी दिवस मला 'बुलडोज़र मैडम' म्हणून हाक मारली.

दोन वर्षांनी केबल जोडणारे मिस्त्री दुरुस्तीच्या जोडांची यादी घेऊन आले. माझा अंदाज बावीसचा होता, प्रत्यक्षात सव्वीस निघाले. गुडगाव माझ्या अंदाजापेक्षाही उतावीळ होतं. आणि तरी लाइन चालू होती, एक दिवसही अशक्त झाली नव्हती.

साहेबांनी मला मॉडेलमध्ये तो जुना साधा लेझर परत लावायला सांगितला. खुर्चीमागे उभं राहून ते एकेक जोड वाढताना बघत होते. सतराव्या जोडाला लाइन बंद पडली. माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली होती, की मला स्क्रीनवरचं धड वाचता येईना.

मग त्यांनी कपाटातून लाइनचा मूळ नकाशा काढला. खाली, डिझाइन करणाऱ्याच्या जागी, त्यांची स्वतःची सही होती. ती त्यांनी एका रेघेत खोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. ती जरा मोठीच झाली.