हळद लागलेला ओ निगेटिव्ह

रक्तपेढी म्हटलं की लोकांना वाटतं, नुसत्या बाटल्या नि सुया. अहो, बाटल्या संपायच्या, किस्से संपत नाहीत! ऐंशीच्या दशकात मी जळगावात रक्त तपासायला बसायचे, तेव्हाचे हे.

*

एका बाईला रक्त हवं होतं. तिचा गट ए, नवऱ्याचा बी. म्हटलं, "तुमचं चालणार नाही, तिच्या जिवावर बेतेल." सासूबाई भडकल्या, "पत्रिका तर बठ्ठी जुळली व्हती, छत्तीसच्या छत्तीस गुण!"

शेवटी कुणाचं जुळलं? सासूबाईंचंच! मुकाट्यानं हात पुढे केला त्यांनी.

*

मेहरूणचा एक पहिलवान. बाटली बघितली आणि गडी धाडकन आडवा! त्याची आई त्याला ओलांडून टेबलावर येऊन झोपली. "त्याले राहू द्या तठेच, मी देस."

*

धुळ्याच्या शिबिरात एका नानांचा गट निघाला एबी. मी हौसेनं सांगितलं, "तुम्हाला कुठल्याही गटाचं चालतं, तुमचं मात्र एबीवाल्यालाच." नानांचा चेहरा पडला. "म्हंजे मी नुसता लेनारा?"

पुढच्या शिबिराला अख्खी गल्ली घेऊन आले! कुणी काढता पाय घेतला की नाना दारात उभे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

आता हा ऐकाच. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. अशात कधीकधी आईचंच रक्त बाळाच्या रक्तावर उठतं. पोर जन्मलं ते पिवळंधमक. त्याचं रक्त बदलायचं, तर ताजं ओ निगेटिव्ह हवं, आणि पेढीत थेंब नाही! आमच्या ओळखीत एकच, बोदवडकडचा केळीवाला दिलीप. निरोप धाडला, तर त्याचं त्याच दिवशी पाचोऱ्याला लग्न! मी आशाच सोडली.

दुपारी दारात ट्रक. हळद लागलेल्याला एकटं कोण सोडणार? अख्खं वऱ्हाड आलं, बँडसकट! नवरदेव मुंडावळ्या बांधून टेबलावर, एका हातात सुई, दुसऱ्यात कट्यार. ती काही त्यानं सोडली नाही.

रक्त दिलं, पण बाळाचं कळल्याशिवाय गडी हलेना. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मला रडूच आलं.

दिलीपचे वडील, आबा, म्हणाले, "बाई, मुहूर्त तर गेला. आता तुम्हीच चाला, पोरीकडच्यांना सांगा." बसले की मी ट्रकमध्ये!

मांडवात नवरीचे मामा लालेलाल. "पोर दुपारपासून उपाशी बसेल शे!" मी आपली निगेटिव्ह-पॉझिटिव्ह समजावतेय, कोण ऐकतंय! तेवढ्यात नवरीच उठून माझ्यासमोर आली.

"बाळ बरं शे ना?"

"बरं आहे गं."

ती मामांकडे वळली. "मंग लगीन लावा!"