ताईची लिंबोणी

बंपर फुटला की बाकीचे गॅरेजवाले सरळ नवा लावायचे, पण डेंटरमामा फुटलेलाच गरम तारेने असा सांधायचा की भेग शोधून दाखवावी. "फेकायला अक्कल लागत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गॅरेजच्या मागेच राहणारी त्याची थोरली बहीण, ताई, येईल त्याला सांगायची, "माझा भाऊ कचरा करतच नाही!"

त्या दिवशी रंगाची गन धुतलेलं थिनर मामा नेहमीसारखं मागच्या भिंतीपाशी ओतायला गेला, तर पलीकडे ताई वाळलेल्या लिंबोणीपाशी बसलेली.

"तिसरं झाड रे हे! खत घातलं, पाणी घातलं. माझा हातच मेला करंटा."

मामाच्या हातातला डबा एकदम जड झाला.

"काय आहे रे त्यात?"

"पाणी" अगदी ओठांवर आलं होतं. पण ताई स्वतःच्याच हातांकडे बघत होती.

"करंटा हात माझा आहे, ताई," तो मान खाली घालून म्हणाला. "वीस वर्षं हे थिनर मी इथेच ओततोय."

ताई चिडलीसुद्धा नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आता मी लोकांना काय सांगू रे?" एवढंच ती म्हणाली.