देठाकडची चकती

दुधी वेलावरून उतरवला की आपा आधी देठाकडची एक पातळ चकती कापायच्या. ती जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. समोर आपण पिशवी उघडून ताटकळत असलो तरी त्यांना घाई नसे. मग डोळे उघडून म्हणायच्या, "निर्दोष. घेऊन जा."

आमची इमारत येरवड्यातली. तुरुंगाची भिंत गच्चीवरून दिसते, त्यामुळे या विनोदाला आम्ही सगळे सरावलो होतो. पण त्या डोळे मिटून उभ्या असायच्या तेवढा वेळ मला कधी हसू आलं नाही. मी मुळातच भित्री. दोन जिने उतरून गेल्यावर गॅस बंद केलाय का ते बघायला परत वर जाणारी. वाटायचं, आता या 'दोषी' म्हणाल्या तर?

तसं म्हणताना मी त्यांना एकदाच पाहिलं. चकती थुंकून त्यांनी तीनदा चूळ भरली. मग त्या दुधीचे तुकडे केले, वर्तमानपत्रात गुंडाळले, वर ठळक अक्षरात 'खाऊ नये' लिहिलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः खाली जाऊन तो पुडा टाकून आल्या. मी म्हटलं, "आपा, कडूच तर आहे. कारलं नाही का खात आपण?"

"अहो, कारल्याला कडू असायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. "दुधीला नाही."

आपा आमच्या वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. घराणं चार पिढ्यांपासून पुण्यातलं. निम्म्या इमारतीची ब्लाउजं त्यांनी शिवलेली. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि गच्चीवर गेल्या. निळे ड्रम अर्धे कापून त्यात वांगी, टोमॅटो, घेवडा लावला. कपडे वाळत घालायच्या तारांवर दुधीचा मांडव चढवला. भाजी आली की घरोघरी जायची, पण मागण्या चालायच्या नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा "जरा मोठा दुधी द्या की," म्हणून बघितलं. "मोठा हवा तर कलिंगड घ्या," असं उत्तर मिळालं.

चकती चाखण्यामागची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. पूर्वी त्यांचे यजमान रोज सकाळी दुधीचा रस घ्यायचे, घरच्याच वेलाचा. एकदा रस कडू लागला. ते काही बोलले नाहीत. बायकोनं लेकरासारखा वाढवलेला वेल, तिला वाईट वाटेल म्हणून पेला संपवला. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त. "आणि मी लिंबूपाणी पाजत बसले," आपा म्हणाल्या. "पित्त झालंय म्हणून. दवाखान्यात नेईपर्यंत अर्धा दिवस गेला." ते वाचले, पुढे बरीच वर्षं जगले. पण आपांच्या हातचं काहीही तोंडात घालायच्या आधी ते एक क्षण थांबायचे. तो क्षण आपांना कायम दिसायचा. मला वाटतं, त्या सगळ्यांसाठी चाखायच्या ते त्या एका क्षणापायी.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांना साखरेचा त्रास. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं वाचून त्यांनीही सकाळी दुधीचा रस सुरू केला होता. मला ते अजिबात पसंत नव्हतं, पण देठाकडची चकती कापलेली दिसली की मी निर्धास्त व्हायचे. आयुष्यात मी निर्धास्त झाल्याच्या जागा फार थोड्या आहेत. ती त्यातली एक होती.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. टँकरच्या पाण्यावर इमारत, गच्चीवरच्या झाडांना बादली-अर्धी बादली मिळायची. त्यातच आपांना ताप आला. आठ-दहा दिवस त्या वर आल्या नाहीत. मग पुन्हा दिसू लागल्या, थोड्या वाळलेल्या, पण पुन्हा तेच. चकती, मिटलेले डोळे, "निर्दोष. घेऊन जा."

एका रविवारी सकाळी मी कोथिंबीर घ्यायला वर गेले. आपांनी नुकतीच एक काकडी तोडली होती. चिरून अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाऊ लागल्या. मी चावा घेतला आणि तसाच थुंकला. जीभ घशापर्यंत आखडली. समोर आपा शांतपणे चावत होत्या.

"आपा, ही कडूजहर आहे!"

त्यांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती कडू?"

 त्यांना काहीच लागलं नव्हतं. ना कडू, ना गोड.

"कधीपासून?"

"तापानंतर. म्हटलं, येईल परत." त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "चाखायचं थांबवलं असतं तर हे सगळंच थांबवायला लागलं असतं हो."

मला त्यांचा राग यायलाही वेळ नव्हता. "आज बाबांना दुधी दिलात?"

"सहा वाजता. या काकडीच्या मागचाच वेल, तोही तहानलेला."

गच्चीपासून आमच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मला माहीत नाही. त्या दिवशी त्या संपत नव्हत्या. तोंडातला कडूपणा जात नव्हता आणि मी देवाला एकच मागत होते, की बाबांनी आज आळस करावा.

बाबा आरामखुर्चीत होते. पेला अर्धा रिकामा होता.

"बाबा, कडू लागला नाही तुम्हाला?"

"लागला ना," ते म्हणाले. "पण चकती कापलेली होती. आपांनी चाखलाय म्हटल्यावर कडू असेल कसा? म्हटलं, माझ्याच तोंडाला चव नाही." आणि पुन्हा पेल्याकडे हात नेला. मी तो उडवून दिला. काचा सगळीकडे झाल्या.

दारात आपा उभ्या होत्या. एवढ्या लवकर त्या कशा उतरल्या देव जाणे. "घरगुती काही करू नका," त्या म्हणाल्या. "लिंबू नको, मीठ नको. सरळ दवाखाना."

रिक्षातच पहिली उलटी झाली. बाबांचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता आणि ते माझीच माफी मागत होते, साडी खराब झाली म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. मी सांगितलं. तरुण डॉक्टर होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते असं, की दुधीनं कुणाला काय होतंय!

तेवढ्यात मागून आपा आल्या. एका हातात स्टीलचा डबा, त्यात आमच्याकडचा उरलेला दुधी. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तीत आणखी चार. इमारतीतली चार दारं वाजवून त्यांनी सकाळी दिलेला प्रत्येक दुधी परत घेतला होता आणि मगच रिक्षा केली होती. डबा डॉक्टरांपुढे धरून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हा मी दिलाय. मला महिनाभर चव लागत नाही आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. याच्यावर उतारा नसतो, मला माहीत आहे. पण यांना पित्ताचं औषध देऊन घरी पाठवू नका."

डॉक्टरांनी दुधीचा कण जिभेला लावला. मग त्यांची धावपळ सुरू झाली.

बाबा तीन दिवस आत होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी रक्ताची उलटी झाली आणि रक्तदाब इतका खाली गेला की मला बाहेर काढलं. बाकावर आपा होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले नाही, समोर उभी राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून भयंकर भीती वाटत होती, की बाबा गेले तर हा राग मला जन्मभर सांभाळावा लागेल. आपा नजर खाली घालून बसल्या होत्या. पोटापाशी तो रिकामा डबा घट्ट धरलेला.

बाबा घरी आले त्या सकाळी मी गच्चीवर गेले. मांडव रिकामा होता. नुसता दुधीच नाही, वांगी, टोमॅटो, घेवडा, सगळं मुळापासून उपटलेलं. ड्रम उलटे करून ओळीनं ठेवलेले. मला हायसं वाटायला हवं होतं. मी तिथंच बसून रडले.

पुढच्याच महिन्यात मुलानं त्यांना खराडीला नेलं. निघताना त्या बाबांना भेटायला आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. आमच्या घरात त्यानंतर टोमॅटोसुद्धा मी चाखून घ्यायचे. दुधी तर आणलाच नाही.

आता आपा नाहीत. गेल्या वर्षी गेल्या. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलानं एक पिशवी आणून दिली होती. आत कोवळा, वीतभर दुधी. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीतला. देठाकडून अख्खा, न कापलेला. बरोबर चिठ्ठी होती: 'मी चाखलेला नाही. मुलगा म्हणतो चांगला आहे, पण त्याचा भरवसा नाही. आपणच ठरवा. टाकलात तरी चालेल.'

"टाकून द्या बाबा," मी म्हटलं. माझी पाचावर धारण बसली होती.

बाबांनी सुरी मागितली. मग फोन मागितला. आपांचा नंबर लावून, आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

बाबांनी देठाकडची पातळ चकती कापली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते.

"निर्दोष, आपा," बाबा म्हणाले.

 मग आपांचा घोगरा आवाज आला. "अहो, आणखी एकदा चाखा. दुसऱ्या टोकाकडून."

बाबांनी मुकाट्यानं दुधी फिरवला आणि दुसरी चकती कापली.